शिक्का नंबर सात

सोहार (ओमान), शुक्रवार, २ ऑक्टोबर २०१५

सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात तानाजी, हातात सुरमई, तीही साफ करून तुकडे केलेली. फुकट सुरमई घेऊन कोणी दारात येत नाही, एवढं मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कळलंय.

तानाजी आमच्या कारखान्यात क्रेन चालवतो. आम्ही तेलाच्या मोठमोठ्या टाक्या बनवतो. त्यांच्यासाठी पोलादी प्लेटा येतात, त्या मी तपासतो आणि पास झालेल्या तानाजी ट्रेलरवरून उचलतो. माझा शिक्का नंबर सात. हिरव्या शाईत सात उमटल्याशिवाय प्लेट आत जात नाही. जनरल मॅनेजरचा फोन आला तरी जात नाही, हे मी एकदा करून दाखवलंय आणि त्याबद्दल एक इन्क्रिमेंट गमावलंय.

तर तानाजी नोव्हेंबरात कायमचा गावी चाललाय. एकोणीस वर्षांची ग्रॅच्युइटी मिळेल, तीन हजार एकशे पन्नास रियाल. कुडाळजवळ काजूचा कारखाना टाकायचा त्याचा बेत आहे. यंत्रांचा भाव काढला तर पैसे निम्मेच भरतात. भाचा धनेश याने गावाहून तीन फॉरेक्स कंपन्यांची नावं पाठवली आहेत. युरो-डॉलर घ्यायचे, विकायचे, सहा महिन्यांत पैसे दुप्पट.

"सायबानू, माका तेतला कायएक कळना नाय," तो म्हणाला. "कंपनी खरी काय खोटी, येवढा तुमी बघून सांगा. तुमचो शिक्को नसताना एक तरी प्लेट मी उचललंय काय?"

हे ऐकल्यावर कोण नाही म्हणेल? मी म्हटलं, तानाजी, कंपनी तपासायची जबाबदारी माझी. तू निश्चिंत राहा.

तो गेल्यावर कल्पना म्हणाली, "पैसे निम्मेच भरतात तर निम्मा कारखाना टाका म्हणावं." बायकांना धंद्यातलं कळत नाही असं मी म्हणत नाही. मनात आलं, एवढंच.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

चार दिवस नुसता अभ्यास चाललाय. ओव्हरटाइम बंद आहे, तेलाचा भाव पडल्यापासून कारखान्यात माणसं कमी आणि माश्या जास्त, त्यामुळे वेळ भरपूर.

मुद्दा सरळ आहे. ब्रोकर म्हणजे शेवटी ज्याच्या हातात आपण पैसे देतो तो. त्याच्यावर कोणाचा तरी दंडुका हवा. ज्या देशातला दंडुका कडक, तिथलं लायसन्स चांगलं. ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांत न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवले पाहिजेत. आणि पैसे काढता आले पाहिजेत, नुसते भरता येऊन उपयोग नाही.

पहिली कंपनी बाद. लायसन्स समुद्रातल्या कुठल्याशा ठिपक्याचं, नकाशावर भिंग लावून शोधावं लागलं. दुसरीही बाद, तिचा लायसन्स नंबर कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. धनेशला कळवलं की बाबा, तू काजूकडे लक्ष दे.

तिसरी मात्र चोख निघाली. ब्रॅकनफील्ड मार्केट्स, लंडन. त्यांनी ईमेलने सर्टिफिकेट पाठवलं. त्यावरचा नंबर मी स्वतः लंडनच्या सरकारी रजिस्टरमध्ये टाकला. नाव तेच, पत्ता तोच, नंबर तोच, परवाना चालू. एवढ्यावर मी थांबतो होय? सर्टिफिकेटवर फोन नंबर होता, तिथेही फोन लावला. आणि गंमत म्हणजे समोरून चक्क मराठी! देवेश नावाचा मुलगा आहे, नाशिकचा, लंडनच्या ऑफिसात गल्फचे ग्राहक सांभाळतो. म्हणाला, "सर, तुमच्याइतके प्रश्न आजवर कोणीच विचारले नव्हते." बरं वाटलं.

कल्पना चहा घेऊन आली तेव्हा रजिस्टरचं पान उघडंच होतं. उभ्याउभ्या तिने वाचलं आणि म्हणाली, "अहो, इथे फोन नंबर दुसराच आहे. तुमच्या सर्टिफिकेटवरचा वेगळा. असं का?"

कल्पना शाळेत गणित शिकवते. तिला डाव्या बाजूचा आकडा उजव्या बाजूला दिसला नाही की चैन पडत नाही. मी म्हटलं, अगं, एवढी मोठी कंपनी, एकच फोन असेल का? गल्फचा विभाग वेगळा. ती म्हणाली, "मग त्या नंबरावर करून बघा ना एकदा." मी म्हटलं, तू आता मला इन्स्पेक्शन शिकव. ती हसली नाही, कप ठेवून गेली. चहात साखर नव्हती.

रविवार, ११ ऑक्टोबर

प्रत्यक्ष चाचणी पूर्ण. गेल्या बुधवारी माझे स्वतःचे दोनशे रियाल भरले होते. त्यातले साठ काढायला टाकले होते ते आज माझ्या बँकेच्या खात्यात परत जमा. काढता येतात! सिद्ध झालं.

एक हरकत निघाली होती, ती मीच काढली आणि मीच सोडवली. पैसे भरायचं खातं ब्रॅकनफील्डच्या नावाचं नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीच्या नावाचं आहे, तेही दुसऱ्या देशात. क्षणभर चमकलो. मग डोक्यात प्रकाश पडला. ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे असा नियमच आहे की! देवेशला विचारलं तर तोही म्हणाला, "सर, बरोबर ओळखलंत."

गुरुवार, १५ ऑक्टोबर

आज कारखान्यात तमाशा झाला आणि माझी कॉलर ताठ झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

सप्लायरचा माणूस मुनीर बारा प्लेटा घेऊन आला. सोबत पोलाद बनवणाऱ्या मिलचं सर्टिफिकेट. प्रत्येक प्लेटवर भट्टीचा नंबर ठोकलेला असतो, आणि तो सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळावा लागतो. मी ट्रेलरवर चढलो, ब्रशने गंज झाडला. अकरा प्लेटा ठीक. बाराव्या प्लेटवर नंबर वेगळा.

मुनीर म्हणाला, "साहब, सर्टिफिकेट एकदम असली है. मिल को फोन लगाओ."

मी म्हटलं, लगाया. सुबह ही लगाया. मिल म्हणते सर्टिफिकेट आमचंच.

"तो फिर?"

"सर्टिफिकेट असली है, मुनीरभाई. लेकिन इस प्लेट का नहीं है. असली कागद दाखवून कोणीही दुसरा माल खपवेल. मी कागद पास करत नाही, माल पास करतो. पहले माल का नंबर देखो, फिर कागज ढूंढो. तुम उलटा करते हो."

आजूबाजूला चार पोरं उभी होती, सगळ्यांसमोर बोललो. मुनीरचं तोंड एवढंसं झालं. प्लेट परत.

त्यानंतर आणखी एक झालं. तानाजी पास झालेली प्लेट उचलून नेत होता, आणि लांब गेटपाशी उभ्या असलेल्या मुनीरच्याच ड्रायव्हरने दोन्ही हात वर करून थांब म्हणून खूण केली. तानाजीने तिथल्या तिथे क्रेन थांबवली. आठ टन हवेत लटकताहेत. बघतो तर काय, ड्रायव्हरची टोपी उडून क्रेनच्या वाटेत पडली होती, ती उचलायची होती त्याला! फोरमन ड्रायव्हरच्या अंगावर धावला आणि मग तानाजीवरही ओरडला, कुणाचंही काय ऐकतोस?

तानाजी प्लेट टेकवून खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, "उचल म्हणान एकानंच सांगाचा, जो नेमलेलो आसा तेणा. थांब म्हणान कोणीय हात केल्यान तरी थांबाचा. मग कारण इचारूचा."

नियम आहे तसाच. पण टोपीसाठी आठ टन थांबवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

रविवार, १८ ऑक्टोबर

दोन हजार रियाल भरले. चिंचवडच्या फ्लॅटच्या हप्त्यांसाठी बाजूला ठेवलेले होते. निम्मे कल्पनाच्या पगारातले आहेत. तिला आत्ताच सांगत नाही, आधी नफा दाखवतो आणि मग सांगतो. चोरी थोडीच आहे ही.

तरी रात्री जेवताना तिच्याकडे बघवेना. मुगाच्या खिचडीचं उगाच कौतुक केलं. ती म्हणाली, "बरं आहे ना सगळं?"

गुरुवार, २२ ऑक्टोबर. दसरा

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबा रेल्वेत फिटर होते, ते पान्हे पुजायचे. मी जाडी मोजायचं व्हर्नियर पुजतो, आणि वर्षातून हा एक दिवस शिक्काही घरी आणतो. परवानगी नाही, पण सात नंबरला हळदकुंकू लावल्याशिवाय मला दसरा वाटत नाही. झेंडूची फुलं मस्कतजवळ सीबला राहणाऱ्या कल्पनाच्या मैत्रिणीने पाठवली होती, दोनशे किलोमीटर येईपर्यंत निम्मी सुकली.

तानाजी जेवायला होता. श्रीखंड-पुरी. कंपनीच्या कॅम्पात राहणाऱ्या माणसाला घरचं जेवण म्हणजे काय ते त्याचं ताट बघून कळतं. आमच्या लेकीने, वल्लरीने, त्याला इंग्रजीतून विचारलं की क्रेनमध्ये भीती वाटते का, आणि मग अडखळत मराठीत विचारलं. तो म्हणाला, "वरती भीती नाय गो बाय. खाली उभी आसलेली माणसा बघून भीती वाटता."

जेवण झाल्यावर त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. ब्रॅकनफील्डचं सर्टिफिकेट, मी दिलेली प्रिंट. म्हणाला, "सायबानू, ह्येच्यार तुमचो शिक्को मारा. मगे माका झोप लागात."

मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर छातीही फुगली. पूजेच्या ताटातून शिक्का उचलला, झेंडू बाजूला केला आणि हाणला. हिरवा सात, वर कुंकवाचा एक ठिपका. कल्पना तीरासारखी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, पुजलेल्या हत्याराला आजच्या दिवस विश्रांती द्यायची असते! आणि तो कारखान्याचा शिक्का आहे, असा कुठल्याही कागदावर..."

मी म्हटलं, कुठल्याही नाही, तपासलेल्या.

ती तानाजीला श्रीखंडाचा डबा द्यायला खाली पार्किंगपर्यंत गेली. वीस मिनिटं वर आली नाही. गॅलरीतून पाहिलं तर ती हातवारे करून काहीतरी समजावत होती आणि तानाजी मान खाली घालून ऐकत होता. श्रीखंडाची कृती सांगत असणार. बाईला श्रीखंडाचं कौतुक केलेलं पुरतं.

रविवार, २५ ऑक्टोबर

युरो घसरला! मी विकून ठेवला होता. स्क्रीनवर खात्यात तीन हजार एकशे दहा. काही न करता नऊशे सत्तर रियाल. माझा दोन महिन्यांचा मूळ पगारसुद्धा एवढा होत नाही. दुपारभर मूठ आवळत होतो आणि सोडत होतो. कल्पनाला सांगावंसं वाटलं, पण म्हटलं चार हजार झाले की सांगू.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

देवेशचा रोज फोन येतो. पूर्वी माझी चौकशी करायचा, आता तानाजीची. "सर, त्या मित्राचं काय झालं? नव्या खात्यावरच्या बोनसची मुदत पंधरा नोव्हेंबरला संपतेय." तानाजीबद्दल मी त्याच्याजवळ बोललो होतो ही माझीच चूक. चूक म्हणजे तशी नव्हे. पोरगा तत्पर आहे, दुसरं काय.

आज जेवणाच्या सुट्टीत कोणाचा फोन म्हणून मुनीरने विचारलं. मी म्हटलं, लंडन. मुनीर म्हणाला, "लंडनवाला रोज फोन करता है? मेरा तो माल फँसा हो तभी सप्लायर रोज फोन करता है." याला फॉरेक्समधलं काय कळणार.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन झालं. तानाजीची ग्रॅच्युइटी परवाच आली. त्याला फॉर्म भरून दिला, खातेनंबर लिहून दिला, बाहेरदेशी पैसे पाठवणाऱ्या एक्स्चेंजमध्ये कोणत्या काउंटरला जायचं तेही सांगितलं. दोन दिवस झाले, देवेश म्हणतो पैसे पोचले नाहीत.

तानाजीला विचारलं तर म्हणतो, "दिवाळी हा मां, बँकेत गर्दी आसा. जातंय, जातंय." माझ्याकडे न बघता म्हणाला. एकोणीस वर्षांची कमाई एका कागदावर द्यायची म्हणजे माणूस बिचकणारच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, अरे, सात नंबर आहे त्याच्यावर. तो म्हणाला, "ता आसाच." आणि वर क्रेनमध्ये चढून गेला.

रविवार, १५ नोव्हेंबर

फ्लॅटचा हप्ता वीस तारखेला. म्हटलं पंधराशे काढावेत. खात्यात साडेतीन हजारांवर आहेत, अडचण कसली? अर्ज केला. दोन तासांनी देवेशचा फोन आला की सर, नफ्यावर वीस टक्के कर आधी भरावा लागेल, मग रक्कम सुटेल. मी म्हटलं, नफ्यातूनच कापून घ्या. तर म्हणतो, नियमात बसत नाही सर, वेगळे भरावे लागतात.

साठ रियाल काढले तेव्हा कर नव्हता. विचारलं तर म्हणाला ती मर्यादेखालची रक्कम होती.

कडक दंडुका हवा असं मीच म्हणत होतो. असेल नियम. लंडनचे लोक काटेकोर असतात. तरी रजिस्टरचं पान पुन्हा उघडावंसं वाटलं, उघडलं नाही. जेवलो नाही. कल्पनाला सांगितलं की ॲसिडिटी आहे.

सोमवार, १६ नोव्हेंबर

तानाजी स्वतःहून म्हणाला, "उद्या सकाळी एक्स्चेंजात जातंय." मी बरं म्हटलं. थांब दोन दिवस, असं ओठांवर आलं होतं. पण का थांब, हे काय सांगायचं? शिक्का मारून झाल्यावर?

मंगळवार, १७ नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी दीड वाजता मुनीर आला. त्या परत पाठवलेल्या प्लेटच्या बदल्यात दुसरी आणली होती. ट्रेलर थांबल्या थांबल्या स्वतःच वर चढला, ब्रशने नंबर साफ केला, मोठ्याने वाचला आणि मग फाइल उघडली. म्हणाला, "देखो साहब, आप का सबक याद है. पहले माल, फिर कागज. असली कागज किसी का भी हो सकता है."

मी उन्हात उभा होतो आणि अंगावर गार पाणी ओतल्यासारखं झालं. मी काय केलं होतं? कागदावरचा नंबर रजिस्टरच्या कागदाशी जुळवला होता. दोन्ही कागद खरे. माल कुठे तपासला होता? माल म्हणजे देवेश. माल म्हणजे तो फोन. तो नंबर मी त्यांच्याच कागदावरून घेतला होता! चोराला विचारलं, की बाबा तू साव आहेस का?

स्टोअरच्या कॉम्प्युटरवर रजिस्टर उघडलं. तेच पान. फोन नंबर तोच, कल्पनाने बोट ठेवलेला. खाली लाल चौकटीत सूचना होती, ती मी त्या वेळी पाहिली नव्हती की नंतर आली, देव जाणे. या कंपनीचं नाव आणि परवाना नंबर वापरून भलतेच लोक ग्राहकांना गाठत आहेत, सावध राहा. तरी त्या नंबरावर फोन लावला. एक बाई बोलली. देवेश नावाचं कोणी नाही. गल्फचा विभाग नाही. आम्ही अशा परक्या खात्यात पैसे घेतच नाही. तुम्ही या आठवड्यातले चौथे, असं म्हणाली, आणि आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं.

माझे दोन हजार एकशे चाळीस गेले. ते त्या क्षणी आठवलेसुद्धा नाहीत. डोळ्यांसमोर फक्त एक घडी केलेला कागद आणि त्यावर हिरवा सात.

तानाजीला फोन लावला. बंद. सकाळी एक्स्चेंजात जातंय म्हणाला होता. कॅम्पवर फोन केला, तर तो सकाळीच बाहेर पडल्याचं कळलं. फोरमनला विचारलं, म्हणाला अर्ध्या तासापूर्वी आलाय, तीन नंबरच्या शेडमध्ये वर आहे. म्हणजे जाऊन आला.

धावत सुटलो. शेहेचाळिसाव्या वर्षी, सेफ्टी बूट घालून. शेडमध्ये तानाजी टाकीचा अख्खा घुमट उचलून नेत होता, खाली सिग्नलवाला खुणा करतोय, ग्राइंडरचा आवाज कान फाडतोय. ओरडून काय उपयोग? क्रेनखाली जायची मनाई दाखवणाऱ्या पिवळ्या पट्ट्याच्या आत घुसलो आणि दोन्ही हात वर केले.

क्रेन थांबली. घुमट माझ्यापासून वीस फुटांवर हवेत. सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली. फोरमन शिव्या देत आला. तानाजीने सावकाश घुमट खाली ठेवला आणि शिडी उतरून आला. त्याच्या आधी माझं तोंड सुटलं.

"पैसे पाठवलेस?"

"सायबानू, आधी बसा. पाणी प्या."

"तानाजी, पाठवलेस का? खोटी आहे रे ती कंपनी. खोटी आहे. मी चुकलो. माझं चुकलं रे!"

सगळ्यांसमोर म्हटलं. त्याच चार पोरांसमोर.

तानाजीने माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, बाटली हातात दिली. म्हणाला, "माझे पैशे माझ्याकडेच आसत. आज सकाळी गावच्या बँकेत धाडलंय, बायलेच्या नावार. त्येच्याच साठी गेल्लंय एक्स्चेंजात."

मला काही कळेना. "अरे पण सर्टिफिकेट... शिक्का..."

"शिक्को होतोच मां. उचल म्हणान तुमी सांगलास. पण दसऱ्याक खाली पार्किंगात वैनींनी हात केल्यानी. म्हणाल्यो, तानाजी, माका नक्की म्हायत नाय, पण फोनचो नंबर जुळणा नाय, सायब स्वतः इचारून घेयत नाय तोपर्यंत थांबा. थांब म्हणान कोणीय हात केल्यान तर थांबाचा. मी थांबलंय. तुमका सांगूक तोंड नाय होता. तुमका वायट वाटला असता."

मी तिथेच, पिवळ्या पट्ट्यावर, खाली बसलो आणि रडलो. लाज वाटायची ती नंतर वाटली.

संध्याकाळ

कल्पना वह्या तपासत बसली होती. तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. फोन, रजिस्टर, लाल चौकट, तानाजीसमोरचा तमाशा. ती फक्त एवढंच म्हणाली, "पाठवले नाहीत ना तानाजींनी? सुटलो गं बाई."

मग बाकीचं सांगितलं. फ्लॅटचे दोन हजार. अठरा ऑक्टोबर. महिनाभर लपवलं ते.

लाल पेन हातात तसंच राहिलं तिच्या. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. वही मिटून म्हणाली, "त्यातले निम्मे माझे होते."

"हो."

"मी तुम्हालाही हात केला होता. आधी तुम्हालाच केला होता. तुम्ही वर चढून बसला होतात, खाली बघितलंच नाहीत. तानाजीला सांगावं लागलं ते तुम्ही ऐकणार नाही म्हणून."

वल्लरी दारात उभी होती, तिला आत पाठवलं. उद्या बँकेत तक्रार द्यायची, परवा पोलिसांकडे जायचं. पैसे येतील असं मला वाटत नाही, कल्पनालाही नाही. हप्त्यासाठी ती तिच्या भावाशी बोलणार आहे. मी बोलतो म्हटलं तर म्हणाली, "नको, मीच बोलते." हे फार लागलं, पण ते माझंच आहे.

सात वाजता देवेशचा फोन आला. मी उचलणार होतो, चार शिव्या तयार होत्या. कल्पनाने पंजा वर करून थांब अशी खूण केली. थांबलो. वाजून वाजून बंद झाला. मग तिने तो नंबर तक्रारीच्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला.

तानाजीने शिक्क्याचा तो कागद परत दिलाय. जाताना म्हणाला, कारखाना निम्मोच टाकतंय, वैनींक सांगा. कागद या पानावरच चिकटवला आहे. हिरवा सात अजून ताजा दिसतो, कुंकू मात्र तपकिरी झालंय.

आणि पानं उलटून सहा ऑक्टोबरवर गेलो. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलंय, की कल्पनाला डाव्या बाजूचा आकडा उजव्या बाजूला दिसला नाही की चैन पडत नाही. तिच्याकडून लाल पेन मागून घेतलं आणि त्याखाली, कारखान्यात लिहितो तसं लिहिलं:

हरकत योग्य होती. हरकत घेणारी, कल्पना. निरीक्षक नंबर सातने माल न बघता पास केला.

सही केली. शिक्का मारला नाही.